टर्बो गाडीचं घरगुती वायरिंग: पॉवर कुठून येते आणि धूर कुठून निघतो?

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय भारतात आणली. २६५ पीएस, किंमत एक्स-शोरूम जवळपास ५३ लाख, पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या. लाँच व्हायच्या आधीच त्या संपल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस आणली. ४९.९९ लाख, १०० गाड्या, बुकिंग उघडल्यावर २० मिनिटांत खेळ खल्लास.

आता ज्यांच्या खात्यात ५० लाख पडून नाहीत, म्हणजे हे वाचणारे जवळपास सगळे, त्यांनी करायचं काय? त्यांच्यासाठी दुसरी बातमी आली २२ सप्टेंबर २०२५ ला. चार मीटरपेक्षा छोट्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एक लिटरची टर्बो इंजिनं असलेल्या बऱ्याच छोट्या गाड्या यात बसतात. नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव पण खाली सरकतो. त्यामुळं चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०२२ मध्ये बंद झालेली पोलो जीटी टीएसआय आज पोरांच्या यादीत परत वर आलीय. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, नंतरच्या एक लिटरवालीला ११०. ‘स्टॉक’ ठेवायची नाही हे तर गाडी घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं.

समजा, असाच एक गडी उचगावात आहे. घराजवळून पुणे-बेंगळुरू हायवे जातो, गोकुळ शिरगाव एमआयडीसी जवळ, उद्यमनगर जवळ. टर्निंगपासून वेल्डिंगपर्यंत काहीही करून मिळतं. कोल्हापूरला मशीनचा नाद नवा नाही. इथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या इथं झाल्यात, आणि ध्रुव मोहितेसारखा कोल्हापूरचा ड्रायव्हर फोक्सवॅगनच्या रेसिंग मालिकांत धावलाय. त्यामुळं मोठा इंटरकूलर बसवायचा, डाउनपाइप बनवून घ्यायचा ही कामं आपल्या गड्याला अवघड जात नाहीत. गाडी अडते ती वायरिंगपाशी.

लोखंडाचं काम चुकलं तर डोळ्याला दिसतं. वायरिंगचं काम चुकलं तरी गाडी चालते. दोन महिने मस्त चालते. मग एक दिवस चालत नाही, किंवा जास्तच गरम होते. म्हणून या लेखात इंजिनाबद्दल कमी आणि वायरीबद्दल जास्त बोलूया. आणि कायद्याबद्दल पण, कारण त्याशिवाय हा विषय अर्धा राहतो.

एक व्होल्टची गोष्ट

टर्बो काय करतो हे तुम्हाला माहीत असेल. एक्झॉस्टच्या गॅसवर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल लागतं. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण ‘लीन’ होतं, सिलिंडरमध्ये स्फोट चुकीच्या वेळी व्हायला लागतात (यालाच नॉकिंग म्हणतात), आणि बूस्ट जास्त असताना असं होत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

म्हणून बिल्ड करणारा पहिल्यांदा मोठा फ्युएल पंप टाकतो. पंप चांगल्या कंपनीचा आणतो, पैसे मोजतो, आणि जोडतो त्याच जुन्या वायरीला. इथं गणित करून बघा. मोठा पंप दाबाखाली साधारण १२ अँपिअर खेचतो. बॅटरी पुढं, टाकी मागं, मधलं अंतर साडेचार मीटर धरा. वायर १ स्क्वेअर एमएमची असेल तर तिचा रोध होतो साधारण ०.०७७ ओहम. १२ नं गुणलं की ०.९ व्होल्ट. म्हणजे जवळपास एक व्होल्ट वायरीतच संपला. शिवाय गंजलेली अर्थिंग, जुना रिले, सैल कप्लर यांचा हिशोब वेगळा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असले तरी पंपाला मिळतात १२.५ किंवा त्याहून कमी. पंप हळू फिरतो, पेट्रोल कमी येतं, आणि नेमकं फुल बूस्टला, जेव्हा सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हाच.

तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची घेतली तर तूट पाव व्होल्टच्या आत येते. एवढ्या लांबीची जाड वायर पंपाच्या किमतीपुढं काहीच नाही. तरी वायरीवर खर्च करायचं जिवावर येतं, कारण वायर रीलमध्ये दिसत नाही.

व्होल्टेज पडल्याचा परिणाम पंपापुरता राहत नाही. इंजेक्टरला उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजवर ठरतो; व्होल्टेज कमी म्हणजे उघडायला उशीर, म्हणजे प्रत्येक फवाऱ्यात पेट्रोल थोडं कमी. इग्निशन कॉइल पण कमी भरते, ठिणगी अशक्त पडते, आणि दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला तर जास्त जोर लागतो. कंपनीचा ईसीयू हे सगळं काही प्रमाणात सांभाळून घेतो. पण ईसीयूला समजतं ते ईसीयूच्या पिनवरचं व्होल्टेज. मागं पंपापाशी काय पोचतंय हे त्याला कोणी सांगत नाही.

यात आणखी एक गोष्ट २०२५ मध्ये मिसळली, अक्षरशः. ई२०. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या जे इथेनॉल बनवतात ते आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. शुद्ध पेट्रोलला एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई१० ला १४.१, ई२० ला साधारण १३.५. उलट बाजूनं बघितलं तर तेवढ्याच हवेला ई१० पेक्षा ४ टक्क्यांहून थोडं जास्त इंधन लागतं. ई२० मुळं मायलेज किती पडतं यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केवढा वाद झाला ते आठवत असेल. ई२० साठी न बनवलेल्या गाड्यांना ३ ते ६ टक्के फटका बसतो असं सरकारनंच सांगितलं होतं. टर्बोवाल्यांसाठी मात्र ही बातमी दोन तोंडांची आहे. इथेनॉलमुळं ऑक्टेन वाढतं, नॉकिंग उशिरा होतं, ही चांगली बाजू. पण आधीच काठावर चाललेल्या पंपावर आणि इंजेक्टरवर आणखी भार पडतो. जुन्या पेट्रोलवर केलेलं ट्यूनिंग आज तसंच्या तसं बरोबर आहे असं धरून चालू नका.

रिले लावला, पण कुठून चालू केला?

पंपाला बॅटरीवरून थेट जाड वायर ओढायची म्हटलं की मध्ये रिले येतो. रिले म्हणजे छोट्या करंटनं चालणारं मोठं बटण. त्याच्यावर आकडे असतात: ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून पंपाला, आणि ८५-८६ ही आतल्या कॉइलची टोकं. इथपर्यंत कुठलाही वायरमन बरोबर करतो.

चूक होते ती ८६ ला काय जोडलं यात. सोपा मार्ग म्हणून चावीच्या इग्निशन वायरवरून टॅप मारला जातो. चावी ऑन, पंप ऑन. दिसायला सगळं ठीक. आता विचार करा, गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, पेट्रोलचा पाइप तुटला. कंपनीच्या वायरिंगमध्ये ईसीयूला कळतं की इंजिन फिरत नाही, आणि तो पंप बंद करतो. तुमच्या वायरिंगमध्ये चावी अजून ऑनच आहे. पंप तुटलेल्या पाइपातून पेट्रोल फवारत राहतो, आणि समोर टर्बोचं हाऊसिंग आहे, ज्याच्या आतला गॅस फुल लोडवर ९०० अंशाच्या घरात गेलेला असतो.

म्हणून नव्या रिलेची कॉइल कंपनीच्या पंपाच्या जुन्या वायरीनंच चालू करायची. जुनी वायर फक्त ‘इशारा’ देते, जड काम नवी वायर करते, आणि ईसीयूचा ताबा कायम राहतो. या एका जोडणीवरून गॅरेजवाल्याची पारख करता येते. काम देण्याआधी त्याला विचारा, “रिलेला ट्रिगर कुठून देणार?” उत्तर ‘चावीवरून’ आलं तर चहा पिऊन परत या.

फ्यूज कुणासाठी असतो?

बहुतेक जण म्हणतील पंपासाठी, लाइटसाठी, अँप्लिफायरसाठी. फ्यूज असतो वायरीसाठी. वायर किती करंट पेलू शकते त्याच्या आतला फ्यूज लावायचा, म्हणजे कुठं शॉर्ट झालं तर वायर पेटण्याआधी फ्यूज उडेल. आणि तो बसवायचा बॅटरीपासून एका वितीच्या आत. टाकीजवळ फ्यूज लावला तर बॅटरी ते टाकी ही साडेचार मीटर वायर उघड्यावर पडली. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते. पातळ वायर तेवढ्यात टोस्टरच्या तारेसारखी लाल होते.

सारखा फ्यूज उडतोय म्हणून १५ च्या जागी ३० चा टाकायचा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळायची, हे प्रकार ज्यांनी शोधले त्यांना एकदा जळालेली गाडी जवळून दाखवली पाहिजे.

हेडलाइटचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एच४ बल्ब कंपनीकडून ६०/५५ वॅटचा येतो. बाजारात १००/९० चा मिळतो, आणि हायवेला रात्री ट्रकच्या समोर तो टाकायचा मोह होतो. दोन बल्ब मिळून करंट १० अँपिअरवरून जवळपास १७ वर जातो. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आत आणि उष्णता जवळपास पावणेतीन पट. बल्बची खोबणी वितळते, स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, समोरच्याच्या डोळ्यांचं काय होतं ते तर बाजूलाच ठेवू.

वायर कुठली वापरायची यावरही दोन शब्द. घराच्या फिटिंगची पीव्हीसी वायर बहुतेक ७० अंशांसाठी बनवलेली असते. टर्बोच्या आसपास बॉनेटखाली ती मऊ पडते, घासते, आणि पत्र्याला टेकते. गाडीसाठीची क्रॉस-लिंक इन्सुलेशनची वायर १२५ अंशांची मिळते, टर्बोच्या अगदी जवळ सिलिकॉनची आणि वरून उष्णतारोधक स्लीव्ह. जोड पिळून टेप मारलेला नको. चांगल्या क्रिंपिंग पक्कडीनं दाबलेला लग आणि वर हीट श्रिंक ट्यूब. सोल्डर करणाऱ्यांचा इथं नेहमी वाद असतो. सोल्डर वाईट नाही, पण थरथरणाऱ्या गाडीत सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होऊन तुटते, म्हणून आधार द्यावा लागतो. माझं मत क्रिंपच्या बाजूनं आहे.

आणि पिवळं आवरण किंवा पिवळे कप्लर दिसले तर हात मागं. ते एअरबॅगचं सर्किट असतं. टेस्ट लॅम्प लावून ‘करंट येतोय का’ बघण्याची ती जागा नाही.

ईसीयूला खोटं सांगायचं की खरं शिकवायचं?

पॉवर वाढवायचे तीन रस्ते पोरांना माहीत असतात: ट्यूनिंग बॉक्स, रीमॅप आणि स्वतंत्र ईसीयू.

ट्यूनिंग बॉक्स सगळ्यात स्वस्त. इंजिनात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, मॅप सेन्सर. तीन वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. बॉक्स सिग्नलच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, तो वाढवतो. कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर मुनिमाला खोटी वही दाखवून जास्त पैसे काढायचे. पण मुनीम पेट्रोलचा हिशोबही त्याच वहीवरून करतो. हवा खरी जास्त, पेट्रोल खोट्या आकड्यानुसार. ऑक्सिजन सेन्सर वाचून तो दुरुस्ती करायचा प्रयत्न करतो, पण जुन्या साध्या सेन्सरच्या गाड्यांत फुल लोडला ती दुरुस्ती चालूच नसते. वर ई२०. पुढचं तुम्ही जोडून घ्या.

रीमॅपमध्ये ईसीयूच्या आतलाच तक्ता बदलतात. चांगल्या माणसानं, गाडीचा डेटा बघत केला तर हा तिन्हींत कमी वायरीचा रस्ता आहे, कारण एकही वायर कापावी लागत नाही. पण नवीन गाड्यांचे ईसीयू कुलूपबंद येतात, आणि वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला कळत नाही या भ्रमात राहू नका. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की कंपनीच्या सिस्टीममध्ये ‘टीडी१’ अशी नोंद पडते, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी मागताना ती आडवी येते.

तिसरा रस्ता खरा शिकणाऱ्यांचा. स्पीडुइनो नावाचा ओपन सोर्स ईसीयू आहे, आर्डुइनो मेगा बोर्डवर चालतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ज्या बोर्डवर एलईडी लुकलुकवला, त्याच्यावर इंजिन चालतं. त्याच्या आधीचा मेगास्क्वर्ट पण असाच हौशी लोकांनी सोल्डर करून वाढवलेला. यात तुम्हाला इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडायचा, ठिणगी किती अंश आधी पाडायची, सगळं स्वतः भरावं लागतं. रोजच्या पोलोमध्ये मात्र तो घालायला जाऊ नका. डीएसजी गिअरबॉक्स, एबीएस, मीटर, सगळे एकमेकांशी कॅन नेटवर्कवर बोलत असतात. मूळ ईसीयू काढला की अर्धी गाडी रुसते. जुन्या, साध्या इंजिनावर, बाकावर ठेवून शिकायची ही वस्तू.

तुमचा फोन इथं खरंच कामाला येतो

२०१३ नंतरच्या भारतीय गाड्यांत ओबीडी-२ चं सॉकेट असतं, स्टिअरिंगच्या खाली. त्यात ईएलएम३२७ चा छोटा डोंगल, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप, आणि मीटरवर न दिसणारी बरीच माहिती समोर येते.

सगळ्यात आधी ‘कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज’ बघा. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, मागची काच तापवणारी वायर, सगळं चालू करा. आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर नवीन काही जोडायच्या आधी डायनामो आणि अर्थिंग तपासा. काही नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो स्वतःच व्होल्टेज वरखाली करतो, त्यामुळं एका आकड्यावर घाबरू नका, लोड टाकल्यावर काय होतं ते बघा. वर सांगितलेली पंपाची तूट मात्र फोनवर दिसत नाही. त्यासाठी मल्टिमीटर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला, पंप चालू. जो आकडा येईल तो वायरीनं खाल्लेला.

बूस्ट बघायचा असेल तर एक बारकावा. अ‍ॅप मॅप सेन्सरचा एकूण दाब वाचतं आणि त्यातून हवेचा दाब वजा करतं. बरीच अ‍ॅप डोळे झाकून समुद्रसपाटीचे १०१ किलोपास्कल वजा करतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथं हवेचा दाब ९५ च्या आसपास. म्हणजे अ‍ॅप तुम्हाला जवळपास एक पीएसआय कमी बूस्ट दाखवतं, आणि तुम्ही ‘कमी पडतोय’ म्हणून वाढवायला जाता. सेटिंगमध्ये बॅरोमेट्रिक प्रेशरचा पर्याय शोधा. गाडी बंद, चावी ऑन असताना बूस्ट शून्य दिसला पाहिजे.

०-१०० चे आकडे फोनच्या जीपीएसवर काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की बऱ्याच फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच नवीन आकडा देतं. त्याच्यावर दशांशाची भांडणं कशाला?

डोंगल काढून ठेवायची सवय लावा. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. डोंगल ४० मिलीअँपिअर पीत असेल तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास जातो. ३५ ची बॅटरी दोन आठवडे उभ्या गाडीत एक तृतीयांशाहून जास्त उतरते. आणि स्वस्त डोंगलचा ब्लूटूथ पिन १२३४ असतो. शेजारच्या गाडीतला माणूस पण जोडू शकतो.

आता कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, आरसीवरची माहिती कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं: नियमात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागं’ हे शब्द परत वाचा. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९० आहे, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड. मॉडिफाय सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

पकडतं कोण? बऱ्याचदा तुमचा स्वतःचा रील. २०२४ मध्ये केरळच्या एका यूट्यूबरनं टाटा सफारीच्या आत प्लास्टिक टाकून स्विमिंग पूल केला आणि रस्त्यावर फिरवला. पाणी गळालं, एअरबॅग उघडली. गाडी जप्त झाली, लायसन्सवर कारवाई झाली, हायकोर्टानं दखल घेतली. पुरावा त्यानं स्वतःच अपलोड केला होता.

माझी तक्रार कायदा कडक आहे याबद्दल नाही. आपल्याकडं सीएनजी किट बसवता येतं, जुनी गाडी इलेक्ट्रिक करता येते, कारण त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था किट तपासून मंजुरी देतात आणि आरसीवर नोंद होते. म्हणजे दार आहे. टर्बो, इंटरकूलर, पंप यांच्यासाठी मात्र सामान्य मालकाला जाता येईल असं दार नाही. जर्मनीत ट्यूव्हचा तपासनीस बदल केलेली गाडी बघतो, जोड बघतो, ब्रेक बघतो, आणि पास झाली तर कागदावर नोंद होते. कॅलिफोर्नियात धुराच्या चाचणीत पास झालेल्या पार्टला नंबर मिळतो. आपल्याकडं काम लपून करावं लागतं, आणि लपून केलेलं वायरिंग कुणी तपासत नाही. आगीचा धोका इथून वाढतो. नीट क्रिंप करणारा आणि टेप गुंडाळणारा, दोघंही कायद्यासमोर सारखेच, मग ग्राहक स्वस्तवाल्याकडं जाणारच.

विम्याचंही ऐकून ठेवा. कंपनीनं न दिलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू, म्हणजे म्युझिक सिस्टीम, जादा लाइट वगैरे, पॉलिसीत वेगळ्या दाखवता येतात. जुन्या टॅरिफप्रमाणं त्यांच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम. न दाखवलेल्या वायरिंगमधून आग लागली तर सर्व्हेयर पहिला फोटो त्या जोडाचाच काढतो.

मग ज्याला हे शिकायचंच आहे त्यानं कुठं जायचं? इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये घुसा. दरवर्षी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत होतं. ७१० सीसीपर्यंतचं इंजिन, हवा आत घ्यायला फक्त २० मिलिमीटरचं भोक, आणि वायरिंग? पूर्ण हार्नेस पोरं स्वतः बनवतात. स्पर्धेआधी तपासनीस किल स्विच दाबून बघतात, इंजिन बंद झालंच पाहिजे, पंप थांबलाच पाहिजे. नाही थांबला तर गाडी ट्रॅकवर जात नाही. कॉलेज नसेल तर एक भंगारातलं इंजिन, एक स्पीडुइनो आणि घराच्या मागची शेड. आरसीचा प्रश्नच येत नाही, कारण ते इंजिन रस्त्यावर जाणारच नाही. अग्निशामक सिलिंडर मात्र हाताशी हवा, आणि तो पावडरचा किंवा सीओ२ चा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं.

राहिला प्रश्न आधीच मॉडिफाय केलेली सेकंडहँड घेणाऱ्यांचा, आणि असे बरेच असणार. गाडी बघायला जाताना डोंगल खिशात घेऊन जा. अ‍ॅपमध्ये ‘कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर’ नावाचा आकडा असतो. तो १२ किलोमीटर दाखवत असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी काहीतरी पुसलंय. मग बॉनेट उघडा, बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या लगशिवाय किती वायरी बसवल्यात ते मोजा, आणि त्यातल्या प्रत्येकीवर एका वितीच्या आत फ्यूज आहे का ते बोटानं चाचपत बघा. एकीवरही नसेल, तर भाव कितीही कमी सांगितला तरी चावी परत द्या.